दोन दारांवर एकच नंबर

मित्रांनो, लॅपटॉप म्हणून मी आता जुनाच म्हणायचा. माझ्या झाकणाचा कोपरा उडाला आहे आणि कळांच्या फटींत नंदुरबारची मिरची बसली आहे. मिरचीच्या भुकटीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानांत, वाळलेली मिरची येऊ लागली की माणसे शिंकतात आणि मलाच झटकतात.

नवा होतो तेव्हा मला कापडाखाली झाकून ठेवत. तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रतिलालभाऊंनी मला एक पक्का नंबर दिला. घराला नंबर असतो, तसा नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला असतो. मिरचीचा रंग मोजणारे यंत्र आपले आकडे माझ्याच नंबरावर पाठवते.

"हाऊ नंबर बदलू नका बरं ताई," रतिलालभाऊ माझ्यावर काम करणाऱ्या महजबीनताईंना म्हणाले, "नहीते मशीन रुसी जाई!"

मला त्या नंबराचा फार अभिमान होता.

पुढे महजबीनताईंना काही दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि मी पिशवीतून त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्यांचे सासरे गाद्या-रजया भरणारे कारागीर. घरात त्यांना अब्बा म्हणतात. अब्बांची मुलगी सालेहा सुरतला दिलेली. ईदला अब्बा तिच्याकडे गेले आणि तिच्या सासरच्या माणसांसमोर म्हणाले, की तिच्या शीरखुर्म्याला चवच नाही. तेव्हापासून सालेहा माहेरी आली नव्हती. अब्बांना तिची माफी मागायची होती. त्यांनी कधी कोणाची माफी मागितल्याचे घरात कोणाला आठवत नव्हते.

दुकान बंद करून आले की ते खाटेवर बसून व्हिडिओ कॉल लावत. इकडचे तिकडचे बोलून होई. मग ते घसा खाकरत.

"बेटा, उस दिन..."

तेवढ्यात चित्र गोठे आणि फोन तुटे.

"काट दिया," अब्बा पुटपुटत. "सुनना ही नहीं चाहती." पुन्हा ते लावत नसत.

मित्रांनो, फोन सालेहाने कापला नव्हता. घरातल्या वाय-फायच्या डबीने अब्बांच्या मोबाइलला जो नंबर दिला होता, तो नेमका माझाच होता. मी प्रयोगशाळेतला नंबर तसाच मिरवत घरात शिरलो होतो. एका गल्लीत दोन दारांवर एकच नंबर असला, तर पोस्टमन काय करील? सालेहाचे शब्द डबीपर्यंत येत आणि माझ्या दारात पडत. मला ते कळत नव्हते, म्हणून मी ते टाकून देत होतो.

पडद्याच्या कोपऱ्यात मी एक चिमुकली सूचना दाखवत असे, की या नंबराचे दुसरे यंत्र इथे आहे. अब्बांचे इकडचे तिकडचे बोलून होईतो ताई दिवसाचा अहवाल पाठवायला मला उघडत, आणि त्यांना घाई असे.

"हा पण ना, सारखा कुरकुरतो," असे म्हणून त्या ती न वाचताच बंद करत.

समोर तो म्हातारा माणूस मोबाइल पालथा ठेवून बसे आणि माझा पडदा उजळत राही. त्या उजेडाची मला लाज वाटे.

एकदा प्रयोगशाळेतच ताईंना सालेहाचा फोन आला. "भाभी, अब्बा अब भी नाराज हैं क्या? बात करते-करते काट देते हैं."

ताई विज्ञान शिकलेल्या. फोन तुटतो तेव्हा दर वेळी मी उघडा असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या दिवशी अब्बांचा कॉल सुरू असताना त्यांनी मला उघडले, चित्र गोठले. मिटले, चित्र हलू लागले. पुन्हा उघडले, तेव्हा फोनच तुटला. मग त्यांनी माझी सूचना पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली आणि त्यांचे कान लाल झाले.

उपाय अगदी साधा होता. प्रयोगशाळेच्या नेटवर्कवर माझा पक्का नंबर, घरच्या नेटवर्कवर डबी देईल तो. दोन्ही नेटवर्कची नोंद त्यांनी वेगवेगळी केली. चहा निवायच्या आत काम झाले.

"अब्बा," त्या खाली मान घालून म्हणाल्या, "आपा ने फोन कभी नहीं काटा. मेरे लॅपटॉप की वजह से कटता था. यह मुझे बता भी रहा था, मैंने पढ़ा नहीं."

"इसकी वजह से?" अब्बांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचाही चेहरा उतरला. "और मैं बेटी को कोसता रहा."

त्यांनी पुन्हा कॉल लावला. मी उघडाच होतो.

"बेटा, उस दिन..." अब्बा थांबले. इथे फोन तुटायची त्यांना सवय झाली होती. पुढचे वाक्य त्यांनी कधी जुळवलेच नव्हते. पण चित्र हलत राहिले.

"बोलो ना, अब्बा."

"उस दिन... खुर्मा अच्छा था."

"झूठ! शक्कर कम थी."

"कम तो थी." अब्बांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर सबके सामने बोलना नहीं था. गलती मेरी थी, बेटा."

पलीकडे सालेहाने ओढणी तोंडाला लावली. फोन कोणीच कापला नाही.

मित्रांनो, आम्हाला एका दारातून दुसऱ्या दारात नेता, तेव्हा तिथे आमचा नंबर कोणता, हे आधी ठरवून द्या. आणि कोपऱ्यातली सूचना बंद करण्यापूर्वी एकदा वाचा. आम्हाला त्याहून मोठ्याने बोलता येत नाही.

आता घरी पोहोचलो, की मी डबी देईल तो नंबर मुकाट्याने घेतो. अब्बा मात्र सालेहाला फोन लावण्यापूर्वी अजूनही एकदा माझ्याकडे संशयाने पाहतात. माझा पडदा मला स्वतःहून मंद करता आला असता, तर तेवढ्यापुरता मी तो लाजेने मंद केला असता.