पेढा न खाल्लेला उंदीर

मी उंदीर बोलतोय. धान्याच्या कोठारातला नव्हे. जयपूरच्या एका मेडिकल कॉलेजातला, पांढराशुभ्र, चांगल्या घराण्यातला. आमचे खापरपणजोबा विलायतेहून विमानानं आले, तेही वैमानिकाच्या टोपीत बसून. खोटं वाटत असेल तर टोपी बघून या. कड अजून कुरतडलेली आहे.

एकसष्ट साली डॉक्टर श्यामकांतांनी आम्हा सगळ्यांना झोपवून एकेक मूत्रपिंड काढलं, दुसऱ्याचाही मोठा तुकडा छाटला. मग अर्ध्या पिंजऱ्यांच्या खाण्यात पित्तावरचं एक पांढरं औषध कालवायला लागले. त्यांचा तर्क असा: मूत्रपिंड अधू झालं की अन्नातला फॉस्फरस रक्तात साचतो आणि उरल्यासुरल्या मूत्रपिंडाचीही वाट लावतो. हे औषध त्याला आतड्यातच धरून बाहेर काढेल. मी औषधवाल्यांच्या पंगतीत होतो. चव भिंत चाटल्यासारखी.

डॉक्टरांना घाई होती. त्यांच्या पत्नी विनयाताईंना हाच आजार. बनी पार्कातल्या घरून त्या दुपारी डबा घेऊन यायच्या, तेव्हा सुजलेल्या पायांत चपलेचे पट्टे रुतलेले असायचे.

"अहो, तेच औषध मला द्या की."

"आधी उंदीर जगू देत, विनया."

"म्हणजे माझी पत्रिका आता उंदरांच्या हातात!"

दोघं हसले. आम्हाला कुणी विचारलं नाही.

गणपती आले. ताईंनी नवस बोलला: पायांची सूज उतरेपर्यंत गजाननाच्या वाहनांना रोज पेढा. डॉक्टर वर्गावर गेले की त्या पिंजऱ्यांपुढे उभ्या राहत. आमची देखभाल करणारा भंवरलाल हात जोडायचा. "खिलाइए बाईसा, पुण्य का काम है. साहब से कुछ नहीं कहूँगा."

पेढा म्हणजे आटवलेलं दूध, आणि दूध म्हणजे फॉस्फरसची खाण. हे डॉक्टर विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगत. घरी कधी सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी मी ताईंच्या बोटाला चावलो. स्वभावच तसा.

"मेल्या, तुला नाही हो प्रसाद!" बोट तोंडात घालत त्या म्हणाल्या. माझा पिंजरा कायमचा वगळला गेला. शेजारी मिटक्या मारत मला वाकुल्या दाखवायचे.

मग तेच शेजारी एकेक करून मलूल झाले आणि गेले. औषधवाले काय, बिनऔषधवाले काय, सगळे एका वाटेनं. मी तेवढा उड्या मारत राहिलो.

"साहब, ये तो तगड़ा है," भंवरलाल म्हणाला.

"अपवाद है. एक चूहे के भरोसे दवा नहीं दे सकता," म्हणून डॉक्टरांनी पांढऱ्या बाटल्या कपाटात बंद केल्या. भंवरलाल पेढ्यांबद्दल गप्पच राहिला. पुण्य बोलून दाखवलं की सरतं म्हणे.

ताई येत राहिल्या. नवस फिटला नव्हता ना. शेवटच्या खेपेला भिंतीचा आधार घेत त्यांनी पेढा माझ्यापुढे धरला. "तूच एकटा उरलास रे. आता तरी घे."

मी पुन्हा चावलो. कडकडून. याहून स्पष्ट मला बोलता येत नव्हतं.

संक्रांतीनंतर डबा आलाच नाही. डॉक्टर हल्ली कँटीनमध्ये जेवतात.

उद्या मला कापणार आहेत. कापा. मूत्रपिंड गुलाबी निघेल, पैज लावतो. पण अपवाद म्हणून बरणीत घालण्याआधी एवढं तरी कुणीतरी विचारा हो: यानं काय खाल्लं नव्हतं?