आवाज नसलेली जागा

जागा स्वस्त होती, उजेड भरपूर होता आणि दलाल खोटं बोलला नाही. बोलला असता तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. "खाली लोखंडी दारं बनवायचं वर्कशॉप आहे, आवाज येतो थोडा," असं त्यानं जिन्यातच सांगितलं. वर गेल्यावर आमच्या ह्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून कान दिला आणि म्हणाले, "कसला आवाज? चांगलं शांत तर आहे." मीही मान डोलावली.

आम्ही दोघांनी कापड कारखान्याच्या मागखात्यात हयात घालवलेली. तिथं सगळे माग एकदम चालू झाले की शेजारणीचं बोलणं तिच्या ओठांवरून वाचावं लागायचं. असल्या माणसांनी जागेची शांतता तपासायला जाणं म्हणजे मिरची चावून साखरेची चव घेणं. पण हे तेव्हा सुचायला हवं ना! निवृत्तीचा सगळा पैसा त्या दोन खोल्यांत घातला. भाडं येईल, त्यात आपलं भागेल, मुलापुढे हात पसरायला नको. मुलगा नाही म्हणणारा नाही, सूनही गुणाची आहे. तरी मागायची वेळच येऊ नये, ह्यावर आमचं दोघांचं एकमत. बाकी कशावर नाही.

पहिला भाडेकरू शिक्षक. "काकू, डोकं उठतं हो," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, नाजूक असेल. मग रात्रपाळीच्या दोन नर्स आल्या. दिवसा झोपायच्या त्या, खाली दिवसभर लोखंड कापणं चालू. त्याही गेल्या. पुढं जागा नुसतीच पडून राहिली. मुलाचा फोन आला, "आई, काही पाठवू का?" ह्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन "काही नको" म्हणून ठेवून दिला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जसं काही जागा मी एकटीनंच पसंत केली होती!

अखेर एक तरुण जोडपं आलं, तान्ह्या बाळासकट. पदरी पडलं, पवित्र झालं, असं म्हणून मी लगेच किल्ली दिली. महिना भरायच्या आत ती मुलगी बाळाला घेऊन आमच्या घरी हजर. जागा सोडतोय म्हणून सांगायला आली होती. बोलता बोलता बाळ आमच्या पलंगावर झोपून गेलं. ती बघतच राहिली आणि तिचे डोळे भरले. "काकू, तिकडं हा दिवसाचा असा एकदाही झोपला नाही हो."

मला रागच आला, कुणाचा ते ठाऊक नाही. "मग राहा इथंच!" मी म्हटलं.

ह्यांनी पेपरातून मान वर काढली. "आणि आपण?"

"आपण तिकडं. तुम्हाला कुठं ऐकू येतंय?"

बोलून गेले खरी, पण सामान बांधताना जीव तुटत होता. तो ओटा मी गवंड्याच्या डोक्यावर बसून माझ्या उंचीचा करून घेतला होता. मुलगा त्याच घरात चालायला शिकला. ह्यांनी एकदाच विचारलं, "नको वाटतंय का?" मी म्हटलं, "वाटतंय. दोरी आणा."

भाडं वेळेवर येऊ लागलं. मुलाचा फोन आला की हे आता आपणहून हवापाण्याच्या गप्पा मारतात.

परवा जुन्या घरी माळ्यावर राहिलेलं मोठं पातेलं आणायला गेले. सवयीनं दार ढकललं, तर आतून कडी. मग बेल वाजवली. बेल कुठं आहे तेही शोधावं लागलं. त्या मुलीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काकू, हळू. आत्ताच झोपलाय."

तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं. टेबल भिंतीला लावलेलं, आणि जिथं मी जन्मात खिळा ठोकू दिला नव्हता तिथं फोटो. तोंडापर्यंत आलं होतं, चांगलं खरमरीत. पण पलीकडच्या खोलीच्या उघड्या दारातून बाळ कूस बदलताना दिसलं.

"पातेलं राहू दे," मी जमेल तितकं हळू म्हटलं, "सवडीनं नेईन." आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.