अबोलराव

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला एका सकाळी कळलं, की आपला आवाजच फुटत नाही. दारात पार्सलवाला नाव विचारत होता आणि याच्या घशातून नुसती खरखर. सर्दी नव्हती, पडसं नव्हतं. आठवून पाहिलं, तर तीन दिवसांत तो कुणाशी बोललाच नव्हता.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा परगावी, आपल्या व्यापात. दातांचे डॉक्टर ठसे पाकिटातून पाठवत, कवळ्या पाकिटातूनच परत जात. दिवसभर समोर दातच दात, पण बोलणारं तोंड एकही नाही.

पार्सलमधून निघाला मुठीत मावेल एवढा वायरलेस संच, बाजारातला सगळ्यात स्वस्त. हौशी रेडिओवाल्यांची परीक्षा त्याने साठीला टेकल्यावर घोकंपट्टी करून दिली होती. परवान्यासोबत अक्षरं-आकड्यांची स्वतःची खूण मिळाली होती. शहरातले हौशी रोज सकाळी आठला एकमेकांना हाका मारत. टेकडीवरचा रिपीटर असले दुबळे आवाज झेलून लांबवर पोचवायचा. एक निवृत्त शिक्षिका सगळ्यांची हजेरी घेत. त्यांना सारे 'बाई' म्हणत.

आठवडाभर त्याने नुसतं ऐकलं. कुणाची अँटेना वाकलीय, कुणाची बॅटरी टिकत नाही, असल्याच गप्पा. तरी त्याला त्या गोड लागायच्या. मग एकदा बाईंनी "आणखी कुणी आहे का?" असं विचारताच त्याने धीर करून बटण दाबलं आणि आपली खूण सांगितली. कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इथेही आपल्याला कुणी खिजगणतीत धरत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. "या वयात नसते उद्योग," असं पुटपुटत त्याने संच फडताळात टाकला.

चौथ्या सकाळी न राहवून, फक्त ऐकायला म्हणून, त्याने तो लावला.

"आज आपले अबोलराव आले नाहीत वाटतं," बाई म्हणत होत्या. कुणीतरी हसलं. "हसताय काय? तीन दिवस कुणीतरी बटण दाबतंय, नुसतं खट्ट होतं, आवाज मात्र येत नाही. अबोलराव, ऐकत असाल तर बटण दोनदा दाबा."

त्याने दोनदा दाबलं.

"आहेत, आहेत! आता 'हो' म्हणायचं तर दोनदा, 'नाही' म्हणायचं तर एकदा. संच नवा?"

दोनदा.

"हातात धरायचा, छोटा?"

दोनदा.

"मग बघा बरं, पुढच्या जाळीपाशी एक बारीक भोक असेल. त्याच्यातून तुमचा आवाज आत जातो. त्यावर अंगठा तर नाही ना?"

त्याने खाली पाहिलं. अंगठा नेमका भोकावर, बूच बसवल्यासारखा घट्ट. त्याने तो अलगद उचलला.

"होता," तो म्हणाला.

पलीकडे एकच कल्लोळ उठला. "काखेत कळसा, गावाला वळसा!" कुणीतरी ओरडलं. त्याने खूण सांगितली, बाईंनी ती लिहून घेतली. साडेआठला एकेक जण कामाला निघाला आणि दोघंच उरली.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

त्याने बटण दाबलं. "मीच असतो."

"इकडेही मीच," बाई म्हणाल्या. "बरंय. उद्या आठला."

पुन्हा नुसती खरखर. दुपारी ठशांसाठी प्लॅस्टर कालवता कालवता त्याने एक हाक मारून पाहिली. कुणी नव्हतं. संध्याकाळी आणखी एक मारली, तेव्हाही नव्हतं. संच चार्जिंगला लावून तो खिडकीशी उभा राहिला आणि समोरच्या इमारतीत एकामागून एक लागणारे दिवे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याची खूण हजेरीत सातवी आली. तो "हजर" म्हणाला, जरा मोठ्यानेच.