कोरं टोपडं

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर सेलूच्या रूपराव दुकानदारांच्या घरात लोकरीला ऊत आला. पलंगावर लोकर, सुपात लोकर, देवळीत दिव्याच्या जागी लोकर. घरात माणसं दोनच, आणि विणकाम चाललेलं अकरा लेकरांचं.

"कोकिळा, आज जेवाले भेटते का मी टोपडंच खाऊ?" रूपराव विचारायचे. कोकिळाबाई टाके मोजत असायच्या. बोललं की मोजणी चुकते, आणि नवऱ्याशी न बोलायला याहून चांगलं कारण शोधूनही सापडत नाही.

हे काम लावून दिलं होतं त्यांच्या भाचीनं, सुलोचनानं. ती गावातल्या दवाखान्यात नर्स. बाळंतिणींच्या वॉर्डात लेकरं फाटक्या लुगड्यात गुंडाळलेली असतात, मावशी, तुझ्या हातात कला आहे तर तेवढं दान कर, असं ती म्हणाली. तिचं काय जातं सांगायला! तीस वर्षांपूर्वी पहिलटकरीण असताना कोकिळाबाईंनी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं होतं. लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं झालंच नाही. "पोटात असतानाच विणाले बसली, हिचाच हात लागला," असं सासू चारचौघींत म्हणाली, आणि म्हातारी गेली तरी ते वाक्य काही घरातून गेलं नाही. त्यानंतर बाईंनी मोठ्या माणसांचे ढीगभर स्वेटर विणले, पण तान्ह्या लेकरासाठी सुई धरली नाही. आता धरली तीही भीत भीतच. आपला हात खरंच वाईट आहे का, एवढं त्यांना डोळे मिटायच्या आधी कळायला हवं होतं.

मंगळवारी अकरा टोपडी आणि अकरा बंड्या त्यांनी स्वतः वॉर्डात वाटल्या. बायांनी हात जोडले, एक तर पाया पडली. बुधवारी राहवेना म्हणून बघायला गेल्या, तर एकाही डोक्यावर टोपडं नाही. सगळी उशांखाली घडी करून ठेवलेली, आणि लेकरं तशीच फाटक्या लुगड्यात. बाई दारातूनच परत फिरल्या. कोणीतरी सांगितलं असणार. गाव लहान, पण तोंडं मोठी.

"एकीनंबी घातलं नाई," त्या घरी येऊन म्हणाल्या. "समजलं त्याइले माह्याबद्दल."

"काऊन घातलं नाई, हे इचारलं का?"

"त्यात काय इचाराचं?"

"म्हंजे सवालबी तूच करतं अन् जवाबबी तूच देतं. जाय, इचारून ये."

रूपराव वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलत. त्या वर्षीचं ते बुधवारी बोलून झालं.

गुरुवारी बाई पुन्हा गेल्या. दाराजवळच्या खाटेवर केळझरची शोभा होती, परवाच बाळंत झालेली. तिच्या कुशीतलं पोरगं शिंकत होतं. कोकिळाबाईंनी खाटेजवळ जाऊन विचारलं, "टोपडं काऊन नाई घातलं माय?"

शोभा ओशाळली. "कोरं हाये नं बाई ते. पाचवीच्या आंधी लेकराले कोरं कसं घालू? घरी असतो तं जेठानीच्या पोराचं जुनं घातलं असतं. अठी कोनाचं मांगू?"

कोकिळाबाईंनी कपाळावर हात मारला. तान्ह्याला नवं कापड घालत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ते कापडाचं. लोकरीलाही तेच लागू असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. बारसं न झालेल्या घरात असल्या गोष्टी आठवणार तरी कोणाला? एवढंच होतं तर! अख्खी रात्र उगाच जाळली.

शोभानं उशीखालून टोपडं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "तुमीच जरासं अंगाले लावा नं जी. वापरलेलं होईल, मंग घालतो."

बाई दोन पावलं मागे सरल्या. गप्प राहिल्या असत्या तर भागलं असतं. पण दुसऱ्याच्या लेकराशी लबाडी त्यांच्यानं होईना. "माह्या अंगाचं नको माय," त्या म्हणाल्या. "माहं लेकरू जगलं नाई. तीनच दिवसांचं होतं."

शोभानं पोराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"माहेबी दोन गेले, ह्याच्या आंधी," ती म्हणाली. "तुमचं वय का हो बाई?"

"बावन्न."

"मंग? बावन्न वर्साचं जुनं होईल नं ते! तुमचं आयुष्य लागू द्या त्याले."

कोकिळाबाईंनी टोपडं घेतलं, पदराखाली छातीशी धरलं आणि खाटेच्या कडेवर बसल्या. रडू आवरेना, त्यांनी आवरलंही नाही. लोकर उबदार झाली तशी शोभा म्हणाली, "तुमीच घाला." त्यांनी घातलं. पोराचे दोन्ही कान झाकले गेले.

"बाई, माहंबी," पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. मग तिसरीवरून. टोपडी, बंड्या हातोहात त्यांच्याकडे येऊ लागल्या.

सुलोचना फेरीला आली तेव्हा मावशी खाटेवर मांडी घालून बसलेली, आणि पदराखाली सातवा महिना लागल्यासारखं पोट.

"मावशी, हे काय करून राह्यली तू?"

"जुनं करून राह्यली माय," कोकिळाबाई म्हणाल्या. "तू जाय तिकडं. मले उठता येत नाई आता."