चाळीस स्कर्ट आणि एक मिडफिल्डर

"वळ बघू जरा," मासेवाल्यांची म्होरकी मामाँ ओडेत म्हणाली.

सगळ्यांत धाकटी मासेवाली वळली आणि शिंप्याच्या दुकानात सगळ्यांचे डोळे तिच्या स्कर्टवर खिळले. स्कर्टच्या मागे, माणूस बसतो नेमक्या त्या जागी, छापलेला एफ्रेम लिसोंगो हसत होता.

लिसोंगो इथल्याच न्गाबा वस्तीतला, परदेशी क्लबात खेळणारा मिडफिल्डर. वर्षभरात वस्तीत जन्मलेल्या अकरा बाळांचं नाव एफ्रेम ठेवलं गेलं होतं; त्यांत दोन मुली. आज तो किन्शासात देशासाठी पहिल्यांदा खेळणार होता. म्हणून मासेवाल्या बायकांनी त्याचा चेहरा छापलेलं कापड आणून ब्लाउज-स्कर्टचे चाळीस जोड शिवायला टाकले होते.

शिंपी पापा माटोंडोने (इथे मोठ्यांना मानाने पापा, मामाँ म्हणतात) एकतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. गणवेशाला चेहरा नसतो. ब्लाउज त्याने एकेक करून बेतले, चेहरा बरोबर छातीवर. स्कर्टना मात्र वेळ पुरेना, म्हणून थप्पी लावून चाळीसही एकदम कापले. चूक एकच झाली, पण चाळीस वेळा.

"दुसरं कापड?"

"अख्ख्या शहरात वीतभर उरलं नाही, मामाँ."

"म्हणजे आमच्या पोराला बुडाखाली घेऊन बसायचं? त्याच्या आईच्या शेजारी?" मामाँ ओडेत कडाडली. "उद्यापासून तुला इथे रुमालसुद्धा कुणी शिवायला द्यायचं नाही, पापा!"

तेवढ्यात ती आईच आली. मामाँ फेबीने स्कर्ट घातला आणि मान वळवून मागे बघितलं.

"ह्याला पाठीवर बांधून मी मासे विकलेत," ती म्हणाली. "जरा खाली घसरलाय, एवढंच. पण बसायचं नाही. कुणीच."

"नव्वद मिनिटं उभं राहायचं?"

"बाजारात दिवसभर उभ्या असता, तेव्हा पाय कुणाचे असतात? आणि पापा, तू आमच्या मागे बस, सुईदोरा घेऊन. एक जरी शिवण उसवली, तर मग ओडेत आहे आणि तू आहेस."

स्टेडियममध्ये चाळीस जणी उभ्या राहिल्या. मागच्यांनी आधी शिव्या घातल्या, मग दिसेना म्हणून तेही उठले. त्यांच्या मागचेही उठले. दहाव्या मिनिटाला अख्खं स्टेडियम उभं होतं आणि रेडिओवाला गहिवरून सांगत होता, की लिसोंगोच्या सन्मानार्थ हा देश बसायला तयार नाही. लिसोंगोने वर बघितलं, छातीवर हात ठेवला आणि मग असा धावला की जणू मैदान त्याच्यासाठी उतारावरच होतं. त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्याने आपल्याच अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला, चौघांना चकवलं आणि गोल केला. चाळीस जणी एकदम उडाल्या. खाली आल्या, पुन्हा उडाल्या.

सामना जिंकल्यावर मामाँ ओडेत बसक्या आवाजात म्हणाली, "पापा, माझ्या बहिणीच्या बाजारात साठ जोड हवेत. चेहरा मागेच हं! पुढे घेतलास तर परत करीन. गोल पाहिलास ना?"

"पाहिला की," माटोंडो म्हणाला.

त्याला चाळीस स्कर्टपलीकडे काहीच दिसलं नव्हतं. सकाळी ओवलेली सुई कॉलरला तशीच टोचलेली होती. एकही शिवण उसवली नव्हती.