चंद्रावरच्या रेघा

१९७४च्या हिवाळ्यात अड्याळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. त्यासाठी विज्ञानाच्या चंद्रकांताबाईंनी नागपूरच्या भावाकडून चंद्राचा मोठा फोटो मागवला होता. माणूस तिथे उतरण्याआधी चंद्राभोवती फिरलेल्या एका यानाने काढलेला.

सकाळी बाई हॉलमध्ये आल्या आणि फोटोपुढे थबकल्या. त्यावरच्या आडव्या रेघा गायब होत्या. सगळीकडे करडा रंग फासला होता.

"सर, हे कोणी केलं?"

"इश्वर पेंटरले सांगतलं मी," मुख्याध्यापक केशवराव खुशीत म्हणाले. "छपाई बिघडली होती ना, बाई. पाहुणे येऊन राहिले, बरं दिसते काय?"

"बिघडली नव्हती, सर! त्या यानात माणूस नव्हता. फिल्म तिथंच धुतली, मंग चित्र पट्टी-पट्टीनं रेडिओवरून खाली पाठवलं. इथं पट्ट्या जोडल्या. त्याच्या रेघा होत्या त्या!"

"मंग जोडणाऱ्यानं नीट जोडावं ना."

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात ब्रश पुसत इश्वर म्हणाला, "खड्डे बी बुजवले, बाई. आता कसा साफ दिसते."

"बुजवले? अरे, उतरायले सपाट जागा कुठं आहे, हेच पाहाले तं हे फोटो काढले!"

इश्वर केशवरावांकडे पाहू लागला. केशवराव छताकडे.

बाईंनी पदर खोचला, फडकं भिजवलं आणि फोटो पुसायला घेतला. नशिबाने रंग पाण्याचा होता. पाहुणे आत येऊ लागले तरी त्यांचा हात थांबेना.

"बाई, काय करून राहिल्या? लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या."

करड्या ओघळांमधून एकेक रेघ वर आली, मग खड्डे. एका विद्यार्थिनीची आई, शकुनबाई, पुढे सरकली.

"ह्या रेघा कायच्या, बाई?"

बाईंनी सांगितलं.

"पण आत माणूसच नोहता, तं बटन कोणं दाबलं?"

बाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तोवर मागे गर्दी जमली होती. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून आणखी एकदा. बाकीच्या टेबलांपाशी कुणीच उरलं नाही.

संध्याकाळी बाईंचा घसा पार बसला होता. फोटोचा एक कोपरा घासून पांढरा पडला होता. केशवराव तो भिंतीवरून उतरवायला निघाले.

"राहू द्या, सर," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही हातच नका लावू. मीच काढीन."