पिना मारलेली पानं

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांचा ढीग लागला होता. विज्ञानाच्या बाई स्टेपलर घेऊन बसल्या होत्या. प्रजननाचा धडा काढायचा, त्याची सगळी पानं एकत्र धरून कडेला पिना मारायच्या आणि मगच पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं, ही त्या शाळेची जुनी रीत. एचआयव्हीची माहितीही त्याच धड्यात होती, त्यामुळे तीही आपोआप बंद व्हायची.

"बाईंच्या पिना म्हणजे पिना! पोरांची नखं तुटतील, पण पान सुटायचं नाही," चित्रकलेचे सर म्हणाले. सगळे हसले, बाईही हसल्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मुख्याध्यापकांनी चहा ओढत री ओढली. "वय झालं की कळतं सगळं. आपल्याला कुणी शिकवलं होतं?"

संध्याकाळी बाई घरी आल्या तर गॅरेजात काम करणारा त्यांचा एकोणीस वर्षांचा लेक ओट्यापाशी उभा होता. हातावरचं ऑईलही त्याने धुतलं नव्हतं.

"आई, बाबा यायच्या आत सांगतो. आमच्या गॅरेजातल्या मिस्त्रींच्या ऑपरेशनला रक्त दिलं होतं ना, त्या रक्तपेढीने मला परत बोलावलं होतं. पुन्हा तपासलं. मला एचआयव्ही आहे."

"काय करून बसलास रे!"

"एक मैत्रीण होती, गेल्या वर्षी. तिलाही काही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. चांगल्या घरच्यांना होत नाही, असं पोरं म्हणायची. मला खरंच वाटलं."

"अरे, मग कुणाला तरी विचारायचंस!"

"कुणाला?" तो शांतपणे म्हणाला. "तूच होतीस आमच्या वर्गावर. मी कंपासच्या टोकाने ती पिन उचकटत होतो, तर तू मला सगळ्यांसमोर बाकावर उभं केलंस."

बाईंना ते लख्ख आठवलं. पोटचा पोर म्हणून गय केली नाही, याचं त्या दिवशी किती कौतुक झालं होतं! आता मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्याचं त्याने सांगितलं. रोज न चुकता घेतल्या तर तो चारचौघांसारखा जगणार होता. बाईंनी मान डोलावली, त्याला चहा दिला. पण भांडी घासताना त्यांनी त्याचा कप बाजूला काढला, वेगळा घासला आणि फळीवर न ठेवता खिडकीत पालथा घातला. कपाने हा आजार होत नाही, हे त्या पदवीच्या परीक्षेत लिहून पास झाल्या होत्या. तरी हात तसाच वागला.

लेकाने ते पाहिलं. सकाळी त्याने घरातल्या एकाही भांड्याला हात लावला नाही. नळाला ओंजळ लावून तो पाणी प्यायला आणि तोंड पुसत कामाला निघून गेला.

बाई शाळेत गेल्या. पुस्तकं वाटून झाल्यावर त्या दहावीच्या वर्गाला म्हणाल्या, "त्या पिना काढा. सगळ्यांनी."

मुलं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. दारातून जाणारे मुख्याध्यापक थबकले.

"बाई, अहो, हे काय? उद्या पालक येतील दारात!"

"येऊ द्या, सर. मीही पालकच आहे."

मग त्यांनी धडा शिकवला. संबंध, कंडोम, तपासणी, दुसऱ्याची सुई, हे सारे शब्द त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. हसणं हळूहळू थांबलं. शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, अशा माणसाचा कप वेगळा ठेवायचा ना?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. "आणि जो ठेवतो, त्याला लाज वाटायला हवी."

संध्याकाळी लेक आला तेव्हा बाईंनी खिडकीतला कप उचलला, त्यात चहा ओतला, अर्धा स्वतः प्यायल्या आणि उरलेला त्याच्यापुढे धरला.

"आई, आज वर्गात शिकवलंस म्हणे. गॅरेजात पोरं बोलत होती."

"शिकवलं रे."

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि कप हातात घेऊन तिथेच बसून राहिला.

बाईंना त्याच्याकडे बघवेना. धडा त्यांनी शिकवला होता खरा, पण ज्याने तो उघडायचा प्रयत्न केला होता त्यालाच त्यांनी बाकावर उभं केलं होतं.